वैशाखातला हीटर

भर वैशाखात गाडीचा हीटर चालू ठेवणारा माणूस मी एकच पाहिला. तो आमच्या कळसाडीचा. नाव दोधू पाटील. गाव त्यांना दोधूआप्पा म्हणते.

त्यांच्या जीपमध्ये मी पहिल्यांदा बसलो तेव्हा बाहेर त्रेचाळीस अंश होते. डॅशबोर्डखालून पायांवर गरम वारा येत होता. मला वाटले, माझा गुडघा कुठेतरी लागला आणि काहीतरी चालू झाले. मी माफी मागितली.

"तू काय करं नही," आप्पा म्हणाले. "मीच लायेल शे."

"पन आप्पा, उन्हाया शे."

"म्हनीसनच."

मी त्यांच्या समोरच्या घरात राहतो. माझे नाव नवनीत. शहाद्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. उन्हाळ्यात तास नसतात. आप्पा निवृत्त झाल्यापासून त्यांनाही नसतात. तेवढ्यावर आमची मैत्री जमली. वयात पस्तीस वर्षांचे अंतर आहे. ते मला 'मास्तर' म्हणतात, आणि त्यांच्या तोंडी तो शब्द अजून पक्का न झालेल्या नोकरीसारखाच वाटतो.

हीटरचे प्रकरण त्यांनी मला त्या पहिल्याच दिवशी समजावले. इंजिन थंड ठेवायला त्याच्याभोवती पाणी फिरते. ते पाणी पुढे रेडिएटरमध्ये जाऊन निवते. त्याच पाण्याचा एक लहान फेरा डॅशबोर्डखालून जातो. तिथे पुस्तकाएवढी एक जाळी आहे आणि तिच्यामागे पंखा. थंडीच्या मुलखात पंखा लावला की जाळीची ऊब गाडीत येते. आमच्या मुलखात आप्पांनी त्याचा उपयोग वेगळा काढला होता. घाटात इंजिन तापले आणि काटा लाल पट्टीकडे सरकू लागला की ते हीटर पूर्ण उघडत. इंजिनाची उष्णता गाडीत येई. काटा जरा मागे सरके.

"इंजिनले ताप येस," ते म्हणाले. "एकलानीच भोगा ते मरी जाई. आपन थोडा थोडा वाटी लेवाना."

करुणेची इतकी सोपी व्याख्या मला एम.ए.च्या दोन वर्षांत भेटली नव्हती. उकडत मात्र फार होते.

आप्पा एका सरकारी खात्यात सव्वीस वर्षे ड्रायव्हर होते. त्यातली तेरा वर्षे त्यांनी हीच जीप चालवली. पुढे खात्याने ती निकामी ठरवून लिलावात काढली. आप्पांनी ती घेतली आणि निकामी नसल्याचे सिद्ध करण्यात उरलेली वर्षे घालवली. या जिल्ह्यात हीटरची गाडी आली कशी, याचेही उत्तर त्यांच्याकडे होते. थंड प्रदेशासाठी मागवलेल्या गाड्यांतली एक, कागद चुकल्यामुळे, इकडे आली. तो थंड प्रदेश ऐकणाऱ्याप्रमाणे बदलत असे. मला काश्मीर सांगितला, माझ्या वडिलांना सिमला. कागद चुकला, यावर मात्र माझा पूर्ण विश्वास आहे. एका साहेबांनी म्हणे या गाडीत पंखा बसवून मिळावा म्हणून अर्ज केला होता. सदर वाहनात हवेची सोय पूर्वीपासूनच आहे, असे वरून उत्तर आले.

डॅशबोर्डवर एक काळी गुंडी होती. ती फिरवली की हीटरचे पाणी कमीजास्त होते. तळोद्याहून धडगावकडे जाताना चांदसैलीचा घाट लागतो. त्या घाटात कोणत्या वळणावर गुंडी किती फिरवायची, हे आप्पांना पाठ होते. पहिल्या चढाला पाव. तिसऱ्या वळणानंतर अर्धी. माथा दिसायच्या जरा आधी पूर्ण. डाव्या हाताची दोन बोटे गुंडीवर, मान किंचित तिरकी, कान इंजिनाकडे. तबलजी तबला जुळवताना असा दिसतो. मी मनापासून थक्क होत असे.

मग हीटर गळू लागला.

आधी गाडीत गोडसर वास येऊ लागला. मग पुढच्या काचेवर आतून धुके धरू लागले. पुसायला जावे तर बोटांना चिकट लागे. मग शेजारच्या सीटपुढचे पायपुसणे ओले राहू लागले. त्या सीटवर बहुधा निर्मलाकाकू असत. आप्पांची बायको. पहिली तक्रार त्यांनी केली.

"आठे वलं कसानं शे?"

"घाम," आप्पा म्हणाले.

"कोना?"

"बठनाराना."

"आठे ते मी बठेल शे."

"मंग तुन्हा."

काकू पुढच्या खेपेपासून मागे बसू लागल्या. आप्पांनी त्याचा अर्थ, प्रश्न सुटला, असा घेतला.

आता रूपालीचे सांगायला हवे, कारण पुढचे सारे तिच्यामुळे झाले. रूपाली आप्पांची एकुलती एक मुलगी. सहा वर्षांपूर्वी तिचे लग्न धर्मेंद्रशी झाले. तो धडगावला शिक्षक आहे. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लग्न झालेल्या मुली माहेरी येतात. येतात म्हणणे चूक आहे. त्यांना आणावे लागते. माहेरचा माणूस घ्यायला जातो, सासरी चहापाणी घेतो आणि मुलीला घेऊन निघतो. त्याला मुराळी म्हणतात. कोणाचा भाऊ जातो, कोणाचा चुलता. रूपालीला भाऊ नाही. दरवर्षी आप्पा स्वतः जात. याच जीपने, याच घाटाने, आणि दिवस ऐन उन्हाळ्याचे.

मागच्या आखाजीला मी त्यांच्यासोबत होतो. निघण्याआधी आप्पांनी रेडिएटरचे झाकण उघडले आणि चमचाभर हळद आत टाकली. गळक्या रेडिएटरवर आमच्याकडच्या ड्रायव्हरांचा हा जुना उपाय आहे. हळद पाण्याबरोबर फिरते, भोकाशी जाऊन बसते, भोक बुजते. निदान बुजावे अशी अपेक्षा असते.

जाताना काही झाले नाही. परतताना रूपाली पुढे बसली होती, मी मागे. घाट अर्धा उतरल्यावर तिने एकदम पाय वर घेतले.

"आप्पा, आठे गरम पानी पडी ऱ्हायनं."

"पानी नही. घाम शे."

रूपालीने पाय पाहिला. घोट्यापासून बोटांपर्यंत तो पिवळा झाला होता. खाली चामडी लाल दिसत होती.

"पिवया घाम?"

"उन्हाया शे," आप्पा म्हणाले. त्यांनी आरशात पाहून मला विचारले, "का रे मास्तर?"

मी बाहेर पाहत होतो. बाहेर पाहण्यासारखे पुष्कळ होते.

रूपाली मागे येऊन बसली. पायावर फोड आला. आखाजीला बाकीच्या पोरी झोक्यावर होत्या आणि ही ओट्यावर पाय पसरून. पाय हळदीचा. येणारी-जाणारी प्रत्येक बाई थट्टा करून गेली, कोणासाठी परत हळद लागली म्हणून. सासरी जाताना ती एसटीने गेली. जाताना काकूंना म्हणाली, "ह्या गाडीमा मी आते बठाव नही."

त्यानंतर वर्षभर ती फोनवर बापाला एकच प्रश्न विचारी. "घाम थांबना का?"

आप्पांना वाटे, ती गाडीची चौकशी करते आहे. ते खुलासेवार उत्तर देत.

या वर्षी आखाजीच्या दहा-बारा दिवस आधी धर्मेंद्रचा फोन आला. तो घरातही शाळेतल्यासारखे शुद्ध बोलतो.

"आप्पा, तुम्ही कशाला एवढा त्रास घेता? मी नवीन गाडी घेतली आहे. एसी आहे. मीच हिला आणून सोडतो."

आप्पा फोन ठेवून ओट्यावर बसले. मी समोरून आलो.

"जवाईनी आनी सोडाले ती काय पारसल शे का?" त्यांनी मला विचारले.

"दुसरी गाडी करून जा ना आप्पा. शेजारच्या पितांबरभाऊंची घ्या."

"मन्ही गाडी दारशी उभी ऱ्हाई आनि मी पितांबरनी गाडीमा जासू?"

काकूंनी रूपालीला फोन लावला. रूपालीचे म्हणणे तेच होते. कशानेही न्या. एसटीने न्या. घाम थांबेपर्यंत ती जीप नको. नाहीतर धर्मेंद्र सोडतीलच.

म्हणजे हिशोब सरळ होता. हीटरची गळती थांबली तर मुलगी आप्पांबरोबर येणार. नाही थांबली तर पाहुणीसारखी जावयाच्या गाडीतून उतरणार, आणि गाव पाहणार. आप्पा सहा वर्षांचे मुराळी होते. निवृत्तीनंतर तेवढे एकच पद त्यांच्याकडे उरले होते.

आम्ही शहाद्याला मोतीलालकडे गेलो. मोतीलाल जुना मेकॅनिक, एसटी स्टँडच्या मागे त्याचे गॅरेज आहे. त्याने डॅशबोर्डखाली बॅटरी मारली आणि लगेच उठला.

"जाळी सडेल शे, आप्पा. हीटर काढी टाकू. दोन्ही पाइप एकमेकले जोडी देऊ. अर्धा घंटानं काम."

"नवी जाळी?"

"दिल्लीथीन मांगाडनी पडी. पंधरा-वीस दिन. आठे हीटर कोन इकत लेस?"

"मी लेस ना."

"म्हनीसनच भेटत नही," मोतीलाल म्हणाला. "गिऱ्हाईक एक."

आप्पांनी हीटर काढायला नकार दिला. हीटरशिवाय जीप चांदसैली चढणार नाही, याची त्यांना खात्री होती. आम्ही परत आलो. मला वाटले, प्रकरण संपले. आप्पांनी डब्यातून हळद काढली.

या वेळी त्यांनी घाई केली नाही. रोज सकाळी एक चमचा, असे तीन दिवस. रोज गाडी सुरू करून गावाबाहेर एक फेरी. सीटपुढे पायाजवळ त्यांनी एक वर्तमानपत्र अंथरून ठेवले. पहिल्या दिवशी ते भिजले. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात ओले. चौथ्या दिवशी त्यांनी मला घरातून हाक मारून बोलावले आणि वर्तमानपत्र हातात दिले.

"वाच."

मी वाचले. जुन्या तारखेचे होते. कोरडे ठणठणीत होते.

त्यांनी रूपालीला फोन लावला. "थांबी गयं," ते म्हणाले. मग ती म्हणाली, "खरंच? मंग या."

आखाजीला चार दिवस होते. आप्पा म्हणाले, घाटाआधी एकदा शहाद्यापर्यंत जाऊन येऊ. सपाट रस्ता. दोन्हीकडे केळीचे मळे. निम्म्यावर काटा लाल पट्टीत गेला. आप्पांनी गुंडी पूर्ण फिरवली, पंखा लावला. हीटरमधून वारा आला, पण गार. आप्पा पहिल्यांदा घाबरलेले मी तेव्हा पाहिले. नंदुरबार जिल्ह्यात एप्रिलमध्ये गाडीत गार वारा आला म्हणून माणूस घाबरला, हेही मी पहिल्यांदाच पाहिले.

बॉनेटमधून वाफ निघाली. रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. वास असा, की कोणीतरी कढीचे भांडे चुलीवर विसरले आहे. ओळखीचा ट्रॅक्टर येत होता. त्याने आम्हाला दोरी बांधून मोतीलालच्या दारात नेऊन सोडले.

मोतीलालने पाइप काढला. आतून पाणी आले नाही. पिवळा लगदा आला. त्याने हीटरची जाळी बाहेर काढली आणि फरशीवर आपटली. लगद्याचा ढीग पडला.

"किती टाकी, आप्पा?"

"तीन चमचा."

मोतीलालने ढिगाकडे पाहिले. "तुम्हना घरमा चमचा केवढा शे?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिले. मी शपथ घेतली. मी टाकली नव्हती. मला मसाल्याच्या डब्याशी काही काम पडत नाही. मग आप्पांना काहीतरी सुचले आणि त्यांनी घरी फोन लावला. गॅरेजच्या गोंगाटात ऐकू यावे म्हणून स्पीकर चालू केला. तो नसता केला तर बरे झाले असते.

"गाडीमा हयद तू टाकी का?"

"टाकी," काकू म्हणाल्या.

"किती?"

"एक वाटी. मंग तुम्ही दुपारले झोपनात तव्हय आखो एक."

"दोन वाट्या?"

"तुम्ही चमचा चमचा करी ऱ्हायन्तात. आंडेरना, आपली रूपालीना पाय शे तो. लोनचं नही."

"मले सांगानं व्हतं ना."

"तुम्ही मले सांगं व्हतं का?" काकूंनी विचारले, आणि फोन ठेवला.

भोक बुजले होते, यात शंका नव्हती. जाळीही बुजली होती, आणि रेडिएटरच्या नळ्याही. नवरा-बायकोने एकमेकांपासून लपवून एकाच गाडीवर एकच उपाय केला होता. मोतीलाल हसला नाही. अशा गाड्या त्याने पाहिल्या असणार.

मग तो डॅशबोर्डखाली उताणा शिरला. जाळी काढल्यावर आता पाइप जोडण्याआधी हीटरचा कॉक बंद होतो का, ते त्याला पाहायचे होते.

"आप्पा, गुंडी फिरावा."

आप्पांनी फिरवली.

"फिरावा ना."

"फिराई ऱ्हायनू."

"पुरी फिरावा."

"पुरीच शे."

मोतीलाल खालून सरकत बाहेर आला. त्याच्या हातात तारेचे एक टोक होते. ही तार गुंडीपासून कॉकपर्यंत जाते. ती मध्येच तुटलेली होती. तुटलेल्या टोकावर गंज चढून ते काळे पडले होते.

"हाई आजनं नही," तो म्हणाला. "आठ-दहा वरीस ते सहज व्हयनात. कॉक उघडाच जाम व्हई जायेल शे."

"म्हंजे?"

"म्हंजे पानी कायम चालू. हिवायामा बी, उन्हायामा बी. पंखा तेवढा तुम्हना हातमा व्हता. गुंडी नही."

आप्पांनी गुंडी एकदा उजवीकडे फिरवली, एकदा डावीकडे. ती छान फिरत होती. आधीही छानच फिरत असे.

"मंग मी घाटमा फिरावत व्हतू ते?"

मोतीलाल भला माणूस आहे. त्याने बराच विचार केला.

"हातले काम," तो म्हणाला.

मी गॅरेजच्या बाहेर जाऊन उभा राहिलो. पाव, अर्धी, पूर्ण. तिरकी मान. मला त्या कलेबद्दल कॉलेजच्या वार्षिकांकात एक लेख लिहायचा होता. टिपणे काढून झाली होती.

आप्पा बाकड्यावर बसले. चहा आला. तो त्यांनी प्यायला नाही. बशीत ओतून तसाच ठेवला. समोर मोतीलाल जाळी हातात घेऊन उभा होता, कारण ती परत बसवण्यासारखी राहिली नव्हती आणि आप्पांनी तसे म्हणेपर्यंत तो दुसऱ्या कामाला हात लावणार नव्हता.

"जोडी दे पाइप," आप्पा म्हणाले.

मग मोतीलालने रेडिएटर खोलला. आतून नळी घालून जोराने पाणी सोडले. हळद गेली. हळदीमागून तपकिरी गाळ निघाला, आणि तो निघतच राहिला. जुना, सरकारी काळातला गाळ. गटारापर्यंत पिवळा आणि तपकिरी असा दोन रंगांचा ओघळ गेला.

आखाजीच्या आदल्या दिवशी उजाडताच आम्ही धडगावला निघालो. आप्पांनी दोन कॅन पाणी भरून घेतले होते. एक पोतेही ओले करून घेतले, इंजिनावर टाकायला. तळोदा मागे पडले. घाट सुरू झाला. पहिल्या चढाला त्यांचा डावा हात उठला, गुंडीपाशी गेला, आणि तिथून गिअरवर आला. तिसऱ्या वळणानंतर पुन्हा तेच. मी काट्याकडे पाहत होतो. आप्पाही काट्याकडे पाहत होते. रस्त्याकडे कोण पाहत होते, ते माहीत नाही.

काटा मध्यावर होता. माथ्यावर पोचलो तरी मध्यावर होता.

आप्पांनी गाडी बाजूला घेतली. बॉनेट उघडून रेडिएटरवर तळहात ठेवला. मग तो तळहात पाहिला.

"काटा बिघडना वाटस," ते म्हणाले.

"नाही आप्पा. इंजिन गरम नाही झालं."

"कसं नही व्हयनं?"

मला कळले होते, आणि त्यांनाही कळले होते. इतकी वर्षे दुखणे घाटाचे नव्हते. रेडिएटर गाळाने भरला होता. एकदा धुतला असता तर झाले असते. चव्वेचाळीस अंशांत एवढ्या माणसांनी तो ताप उगाच वाटून घेतला होता. मी म्हणालो, "हवा चांगली आहे आज." आप्पांनी बॉनेट लावले.

धडगावला धर्मेंद्रचे घर शाळेच्या मागे आहे. दारात नवी पांढरी गाडी उभी होती. सीटवरचे प्लॅस्टिक अजून काढलेले नव्हते. धर्मेंद्र इस्त्रीच्या शर्टात बाहेर आला, आप्पांच्या पाया पडला. आम्ही बसलो. चहा झाला. रूपालीची बॅग दाराशी तयार होती. आप्पांनी ती पाहिली आणि ते खुलले. गाडी कशी दुरुस्त झाली, ते सांगू लागले. हीटर काढून टाकला. आता खाली पाण्याचा थेंब नाही. मास्तरला विचारा. मी मान हलवली. त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला, वर्तमानपत्राचा. सकाळपासून तो सीटपुढे होता. कोरडा होता.

रूपालीने कागद हातात घेतला नाही.

"गाडी चांगली व्हयनी," ती म्हणाली. "चांगलं व्हयनं. पन मांगला वरीसले मन्हा पायवर काय पडनं व्हतं, आप्पा?"

आप्पांनी धर्मेंद्रकडे पाहिले. मग माझ्याकडे. मी या वेळी बाहेर पाहिले नाही.

"जाऊ दे ना आता," धर्मेंद्र म्हणाला. "मी सोडतो तुला. एसी लावून जाऊ, दीड तासात..."

"तुम्ही थांबा," रूपाली म्हणाली. "मी आप्पाले इचारी ऱ्हायनू."

इतक्या महिन्यांत मी त्या फोडाचा विचार केला होता, हीटरचा केला होता, हळदीचा केला होता. ही मुलगी गाडीवर रागावलेली नाही, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. साहित्य शिकवतो मी. आप्पांच्याही आले नसावे. त्यांनी कागदाची घडी पुन्हा घातली. मग अजून एक घातली. जावयाच्या घरात, जावयापुढे, सव्वीस वर्षे सरकारी गाडी एकदाही न ठोकलेला माणूस खुर्चीच्या कडेवर आला.

"पानी व्हतं," ते म्हणाले.

"कसानं?"

"हीटरनं."

"तुम्हले ठाऊक व्हतं?"

"वास उना व्हता." ते थांबले. "घरथीन निंघानो तव्हयच उना व्हता. मले वाटनं, जाई निंघी."

"आनि मी पाय वर लिधा तव्हय?"

"तव्हय बी ठाऊक व्हतं."

धर्मेंद्र चहाचे कप उचलून आत गेला. त्याला ते करायची सवय नसावी, एक बशी पडल्याचा आवाज आला. रूपाली बापाकडे पाहत राहिली. मग तिने वाकून चप्पल घातली, बॅग उचलली आणि माझ्या हातात दिली.

"मांगे ठी दे, नवनीत भाऊ. मी पुढे बठसू."

परतताना ती पुढे बसली. खिडकीतून येणारा वारा गरम होता, पण तो बाहेरचा होता, सगळ्या जिल्ह्याचा. पांढरी गाडी घाटाच्या तोंडापर्यंत आमच्या मागे आली. आपली बायको खरोखर त्या जीपमधून जाते आहे, याची खात्री करून घेतल्यासारखी जरा थांबली आणि वळली.

पहिली काही वळणे गेली. मग डॅशबोर्डखालचे रिकामे भोक पाहून रूपालीने विचारले, हे काय झाले. आप्पांनी सांगायला सुरुवात केली. आधी हळद सांगितली, तीन चमचे. मग आईच्या दोन वाट्या सांगितल्या. रूपाली इतकी हसली की तिने डोळे पुसले. मग त्यांनी गुंडी सांगितली. तार तुटलेली होती, आठ-दहा वर्षे, आणि मोतीलालने ती खालून काढून दाखवली. हे त्यांनी सरळ सांगितले. मला त्यांचे फार कौतुक वाटले.

घाट संपताना रूपालीने विचारले, "मंग तुम्हले इतला वरीस कयनं कसं नही?"

"कयनं व्हतं," आप्पा म्हणाले. "थोडं थोडं."

तळोदा आले तोवर, त्यांच्या सांगण्यात, तुटलेली तार त्यांनी स्वतःच ओळखली होती आणि मोतीलालला फक्त दाखवली होती. रूपालीने मान वळवून माझ्याकडे पाहिले. मी पोत्यावरचे पाणी पाहत होतो. ती पुढे वळली आणि म्हणाली, "बरं, मंग?"

आप्पा सांगत राहिले.